आगरकरांवर भाषण कसे करावे

येत्या १४ जुलैला गोपाळ गणेश आगरकरांची जयंती साजरी करण्याचे आपल्या मंडळाने ठरवले असेल, तर गेल्या वर्षी याच कोल्हापुरात शहाणपण विकत घेतलेला मी आपणांस काही सूचना फुकट देऊ इच्छितो.

पहिली सूचना अशी, की वक्त्याने आगरकर वाचलेले नसावेत.

दुसरी अशी, की मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस टाळ्या पडेपर्यंत मोजावेत आणि तिथेच थांबावे. टिळक आणि आगरकर १८८२ साली तुरुंगात गेले ते आपल्या छत्रपतींसाठी, एवढे म्हटले की सभागृह आपले होते. मी मात्र पुढे गेलो. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी संतापून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले, ती पत्रे बनावट निघाली, संपादकांनी माफी मागितली, तरीही बर्व्यांनी खटला सोडला नाही आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, हे मी सांगत होतो तोच व्यासपीठावरून माझ्या हाती चिठ्ठी सरकवण्यात आली : ‘आवरते घ्या. बनावट वगैरे नको.’ उलटून पाहिले तर ते रात्रीच्या जेवणाचे कूपन होते. त्यावर ‘तांबडा-पांढरा अमर्याद’ असे छापले होते. रश्श्याला मर्यादा नव्हती, ती फक्त खरे सांगण्याला होती. या दोन ब्राह्मण संपादकांच्या जामिनाचे १०,००० रुपये जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवण्यांनी उभे केले, ही हकीकत मी तशीच घरी परत नेली.

टिळकांशी पुढे झालेल्या भांडणाला ‘वैचारिक मतभेद’ म्हणावे आणि पाणी प्यावे.

आगरकरांचे पत्र ‘सुधारक’ १८८८ साली निघाले, एवढेच सांगावे. त्यात मुलींचे संमतिवय, विधवांचे केशवपन आणि बालविवाह यांवर काय छापले जात होते ते सांगू नये, कारण पहिल्या रांगेतल्या कित्येकांच्या खिशात मुलीची पत्रिका असते.

सनातन्यांनी पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हा प्रसंग मात्र अवश्य सांगावा आणि ‘तेव्हाचे लोक फार मागासलेले’ असे म्हणून उसासा टाकावा. तेव्हाचे लोक! अहो, ते निदान त्यांचा लेख वाचून चिडत होते. तुम्ही एक ओळ न वाचता हार घालता, हाराबरोबर स्वतःचा फोटो काढून घेता, आणि कोणी त्यांचे म्हणणे जसेच्या तसे सांगू लागला की त्याच्यापुढचा माईक बंद करता. दम्याने खंगलेला तो माणूस ३९ वर्षे पुरी होण्याआधीच, १७ जून १८९५ रोजी गेला, आणि स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चाची पुरचुंडीदेखील त्याने बांधून ठेवली होती. त्याच्या नावावर जेवणावळी घालताना लाज वाटायला हवी होती.

यंदाचे निमंत्रण परवा आले. विषय तोच, वेळ पाच मिनिटे, सोबत कूपन. कूपन मी परत पाठवले आहे.