देव पळाले ते कुठे?

१९ डिसेंबर जवळ आला की पुण्याच्या मावसभावाकडून तोच मेसेज येतो. वर तिरंगा, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: अख्खा गोवा ४५१ वर्षं पोर्तुगिजांच्या गुलामीत होता, तेवढा सगळा काळ गोवेकर मुकाट बसले, आणि १९६१ साली आपल्या सैन्याने ३६ तासांत, रक्ताचा थेंबही न सांडता त्यांना सोडवलं. भावाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि मी गोव्याच्या पेडणे तालुक्यातला असल्यामुळे पहिलं मला जरा जास्तच टोचतं.

तर ४५१. १५१० च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून घेतलं ते गोवा शहर आणि भोवतालची तिसवाडी. बार्देस आणि साष्टी मिळायला १५४३ उजाडलं. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आजच्या गोव्याचा साधारण चौथा हिस्सा. पुढची सव्वादोनशे वर्षं फिरंग्यांचा पाय त्यापलीकडे पक्का रुतलाच नाही. फोंडा गेला १७६३ मध्ये, आणि आमचं पेडणं सावंतवाडीकरांकडून कायमचं गेलं ते १७८८ मध्ये. हिशेब करा: पेडण्यात पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं, राज्य १७३ वर्षं. फोंड्यात दोनशेही भरत नाहीत.

पटत नसेल तर मंगेशीला जाऊन या. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीचं. साष्टीत देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा भाविकांनी लिंग जुवारी नदीपार करून प्रियोळला आणलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अख्खा गोवा फिरंग्यांचा होता तर देव पळाले ते कुठे? अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, जो तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेशाला आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला १६७५ ला, देव तिथे येऊन शंभरेक वर्षं झाल्यावर. हे मी एकदा जत्रेत बोललो तर शेजारचे काका प्रसादाचा द्रोण घेऊन दोन पावलं बाजूला सरकले.

आणि शतकानुशतकांच्या अखंड पोर्तुगीज गोव्याची ही गोष्ट लाडकी कुणाची होती, तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची. १९५१ मध्ये त्याने कागदोपत्री वसाहती मोडीत काढून त्यांना ‘सागरापारचे प्रांत’ केलं, गोवा मुळात पोर्तुगालच आहे असं जगाला सांगता यावं म्हणून. त्याची गोष्ट आपण दर डिसेंबरात तिरंगा लावून पुढे ढकलतो.

म्हणून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा छळ, खोटं ठरत नाही. १५६० ते १८१२, मधली चारेक वर्षं सोडली तर, जुन्या काबिजादींनी ते भोगलंच. पण ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगलं त्यांतले कितीतरी जण आज ख्रिस्ती आहेत, आणि मेसेजची पुढची ओळ त्यांनाही मुकाट ठरवते.

मुकाट? साष्टीतली कुंकळ्ळी घ्या. जुलै १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले. त्यानंतर पोर्तुगिजांनी बोलणी करू म्हणून गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. पाद्र्यांना रोमने १८९३ मध्ये धन्य घोषित केलं. नायकांचं स्मारक उभं राहायला मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं जावी लागली, त्याला सालाझार जबाबदार नव्हता. पोर्तुगीज सत्ता उलथवायचा १७८७ चा पिंटोंचा कट गोव्यातल्या ख्रिस्ती पाद्र्यांनीच रचला होता. १८५२ मध्ये सत्तरीत दीपाजी राणे यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठून नाणूसचा किल्ला घेतला. १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा झाली ती राम मनोहर लोहियांची म्हणून सगळ्यांना ठाऊक असते. लोहिया उतरले होते ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी, त्याच असोळण्यात, हे मेसेजवाल्यांच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

राहिला रक्ताचा थेंब.

बांद्याहून गोव्यात शिरताना पत्रादेवीला हुतात्मा स्मारक लागतं. आमच्याच तालुक्यात. बसमधले बरेचसे लोक तेव्हा मोबाइलला गोव्याची रेंज आली का ते बघत असतात. १५ ऑगस्ट १९५५ ला हातात झेंडा घेऊन, बिनहत्यारी आलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी सरहद्दीवर वीसच्या वर माणसं पडली. पत्रादेवीला पडलेला करनैल सिंग पंजाबातल्या इसरू गावचा होता, त्याने त्याआधी गोवा पाहिलाही नसावा. त्याच वर्षी फेब्रुवारीत अस्नोड्याचा बाळा राया मापारी पोलिसांच्या मारहाणीत कोठडीतच गेला.

बरं, फक्त डिसेंबर १९६१ च बघायचं म्हटलं तरी थेंबाचा हिशेब जुळत नाही. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० जण मेले, हे सर्वत्र दिले जाणारे आकडे. अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक मारले गेले. मुरगाव बंदरात जी पोर्तुगीज युद्धनौका आपल्या नौदलाशी लढली तिचं नाव होतं ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’. असलं काही कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी तो मानला नाही आणि १९ तारखेच्या रात्री शरणागतीवर सही केली. लिस्बनने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. आकडा ५२ वर थांबला त्यात त्या सहीचाही वाटा आहे, पण शत्रूच्या सेनापतीला श्रेय देणारा मेसेज मला अजून कुणी पाठवलेला नाही.

आणि ३६ तास? मोहन रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला आलेले मास्तर, गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. १९६१ ला गोवा सुटला, ते नाही. १९६३ ची निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६७ च्या जानेवारीत गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर जनमत कौल झाला, पाठोपाठ दुसरी निवडणूक झाली. रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये.