तुमची तक्रार, माझी चूक आणि 'टाइपडेफ इंट बूल'

नमस्कार सर,

रागावलात ते ठीकच आहे. जीसीसी १५ या कंपायलरचं (सी चा कोड चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलणाऱ्या साधनाचं) मी बांधलेलं चाचणीचं पॅकेज तुम्ही लॅबमध्ये टाकलंत आणि वर्षानुवर्षं चालत आलेला सी चा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी कंपाइल होईना. 'आधी घरी तपासा, मग द्या. पोरं काय प्रयोगातले उंदीर आहेत?' असं तुम्ही लिहिलंत.

आधी माझं चुकलं ते. या पॅकेजने जुन्या जीसीसीच्या जागेवर बसायलाच नको होतं. मी घाईत कमांडचं नाव तेच ठेवलं. मेगाब्लॉक जाहीर न करताच रूळ उखडले म्हणा ना. काल रात्री नवं पॅकेज चढवलंय. त्यात कमांड 'जीसीसी-१५' आहे, जुनीला हात लागत नाही.

पण 'घरी तपासा' हे काही पटत नाही. मुलुंडच्या माझ्या खोलीत दोन लॅपटॉप. जीसीसीची टेस्टसूट, म्हणजे तिच्या चाचण्यांचा संच, त्यांवर रात्रभर चालते, पंख्यांच्या आवाजाने आई वैतागते. पण ती लिहिलीय कंपायलरवाल्यांनी. तुमच्या लॅबमधला कोड तिच्यात कुठून येणार?

तुम्ही पाठवलेली एररच बघा. ओळ आहे 'टाइपडेफ इंट बूल', म्हणजे पूर्णांकाच्या 'इंट' प्रकाराला खरं-खोटं दाखवायला 'बूल' हे नाव. सी मध्ये बूल नव्हतंच तेव्हा सगळे असंच लिहायचे, मीही. सी२३ या सी च्या नव्या स्टँडर्डमध्ये बूल कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द झाला, ते नाव पुन्हा देता येत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेली जीसीसी १५ तुम्ही काही सांगितलं नाहीत तर सी२३ च धरते. दुसऱ्या फाइलीत फंक्शनच्या डिक्लेरेशनमध्ये कंस रिकामा आहे. पूर्वी त्याचा अर्थ 'आर्ग्युमेंट्स काय ती नंतर बघू', आता 'एकही नाही'. तुम्ही दोन देताय. म्हणजे यात बग नाही. वड्याचं तेल वांग्यावर नको. मेकफाइलमध्ये स्टँडर्ड जीएनयू१७, म्हणजे आधीचं, करा, आजचं काम भागेल. टाइपडेफची ती ओळ सवडीने काढा.

आणि बग होता तोही बाहेरूनच कळला. वडाळ्याच्या एका विद्यार्थिनीकडे कंपायलरच कोसळत होता. तिने प्रीप्रोसेस केलेली फाइल धाडली, मी ती कापत कापत अकरा ओळींवर आणली, तेव्हा दोष कंपायलरच्या कोडला मीच लावलेल्या पॅचचा, म्हणजे दुरुस्तीचा, निघाला. माझ्याकडे तो जन्मात दिसला नसता.

कच्चं ते पक्कं म्हणून खपवू नये, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. २००० साली रेड हॅट लिनक्स ७ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जीसीसीची विकासशाखेतली प्रत २.९६ असा आकडा लावून आली. अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही, असं जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावं लागलं. तिच्यावर बांधलेल्या सी प्लस प्लसच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) ना मागच्या २.९५ शी जुळल्या, ना पुढच्या ३.० शी. म्हणून आता माझ्या पॅकेजच्या नावातच 'चाचणी' हा शब्द घातलाय, आणि टाकताना ते पॅकेज एकदा विचारतंही.

सबमिशनचं काय झालं? मुदत वाढवून मिळाली का पोरांना?