पंप लावला, फोटो काढले, पसार झाले!

नदीकाठचा सौर पंप उन्हाळ्यापासून बंद आहे. कंट्रोलर जळालाय, बाकी सगळं धडधाकट. एका संस्थेनं परदेशी निधीतून बसवला होता, म्हणून आता त्याला कुणी वालीच नाही. संस्थेनं तालुक्यातलं ऑफिस गुंडाळलं, जिल्ह्याचे साहेब म्हणतात योजना आमची नाही, ग्रामपंचायत म्हणते हस्तांतराचा कागदच आला नाही. बोर्ड मात्र नव्यासारखा! वर लोगोंची रांग, खाली ‘लोकसहभागातून शाश्वत विकास’. लोकसहभाग म्हणजे काय, तर चर आम्ही खोदले आणि घरटी वर्गणी आम्ही भरली.

दुरुस्तीचं विचारा, उत्तर ठरलेलं: बजेटमध्ये तसं ‘हेड’, म्हणजे खर्चाचा रकाना, नाही. नाशिकच्या हॉटेलातल्या कार्यशाळेला हेड आहे, गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेला आहे, ड्रोननं काढलेल्या व्हिडिओलासुद्धा आहे! जळालेल्या कंट्रोलरला नाही. मुदतीत निधी संपवून दाखवायचा, मग नवं काहीतरी उभारायचं, फीत कापायची, अहवाल पाठवायचा. नंतर सर्व्हेवाले टॅब घेऊन दारात हजर. ‘प्रकल्पामुळे जीवनमान सुधारलं का?’ आमचे नाना म्हणाले, ‘ते बठ्ठं ठीक शे, पन मोटर कोन दुरुस्त करी?’ सर्व्हेच्या पोरानं ‘समाधानी’वर टिचकी मारली आणि पुढचा प्रश्न!

आणि शिकवतात कुणाला? पाणी वाटून कसं वापरावं, हे पांझरा नदीकाठच्या माणसाला? इथं शेकडो वर्षं फड, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत, चालले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, शिवाराचे फड म्हणजे भाग पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची. पाटातला गाळ काढायचा तर सगळं गाव लागायचं. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याला परवडलं त्यानं विहीर खोदली आणि बरेच फड मोडले (त्यावर बोलायला बसलो तर रात्र जाईल). पण सांभाळणाऱ्याच्या पोटाची सोय आधी करावी लागते, एवढी अक्कल त्या अडाणी म्हाताऱ्यांना होती.

परदेशी पैशाला हे कळत नाही असंही नाही हो! आमच्याच साक्री तालुक्यात (जिल्हा धुळे) शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर उभा राहिला, २०१३ साली सुरू झाला. तिथं बिघाड झाला तर माणूस धावतो. का नाही धावणार? वीज विकली जाते, कर्ज फेडायचं असतं. आमच्या पंपातून नुसतं कांद्याला पाणी जातं, त्याचा हिशेब कोणत्या बँकेला द्यायचाय?

आता म्हणे हवामान बदलाचा नवा प्रकल्प येतोय, पाहुणे गाव बघायला येणार. खुशाल या. पण ग्रामसभेत मी उभा राहणार: दहा वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे आधी गावाच्या खात्यात टाका, त्यात वायरमनची मजुरी धरा, आणि बंद पडलेला पंप चालू करून द्या. तोवर नारळ फोडू देणार नाही.