सहा महिन्यांच्या कोर्सने कुणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत नाही

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'नीटला मार्क कमी पडले? ऑक्युपेशनल थेरपी घ्या. फिजिओथेरपीच आहे, फक्त नाव वेगळं. मुलांना खेळवायचं काम, मुलींना सोपं. डिग्री झाली की परदेशात लाखांचा पगार. आणि साडेचार वर्षं घालवायची नसतील तर सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून घरीच सेंटर काढा.'

माझ्या भाचीने तो मला पाठवला. खाली विचारलंय, "मावशी, हे खरं हाय काय?" ती कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला बसली आहे आणि मी कोल्हापुरात हेच काम करते : आजार, अपघात किंवा वाढीतल्या अडचणीमुळे अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं अडलेल्या माणसाला ती स्वतःची स्वतः करायला शिकवायचं. गप्प बसवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने माणसं जायबंदी होतात. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२ चा कायदा आहे, त्याखाली राज्य परिषद आहे. तिथे नोंदणी नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही, आणि ऑनलाइन सर्टिफिकेटवर नोंदणी होत नाही. चार वर्षं शिक्षण आणि वर इंटर्नशिप उगाच ठेवलेली नाही. अर्धांगवायूच्या पेशंटला लुळा हात धरून ओढत उठवलं की खांदा दुखावतो. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेल्या काहींना डावीकडचं असून नसल्यासारखं होतं : ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची भाकरी तशीच राहते. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. इचलकरंजीत यंत्रमागात किंवा गुऱ्हाळाच्या चरकात हात जातो, बोटाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवला जातो. मग स्प्लिंट (बोट ठरावीक स्थितीत धरणारा आधार) कसा बसवायचा, बोट कुठल्या आठवड्यात किती हलवायचं, हे काटेकोर असतं. घाईने जोर दिला तर शिवलेला टेंडन तुटतो, अजिबात हलवलं नाही तर बोट आखडतं. हे सहा महिन्यांत व्हिडिओ बघून शिकलेल्या माणसाच्या हाती तुम्ही तुमच्या वडिलांना द्याल का?

'फिजिओच आहे' म्हणे. केंद्राच्या २०२१ च्या आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्यातही दोन्ही व्यवसाय वेगळे धरलेत. काही काम एकमेकांत मिसळतं, ते मान्य. पण पाय उचलायला लागला म्हणून माणूस एकटा अंघोळ करू शकतो असं नाही. मोरी किती निसरडी, संडासाला आधार कुठे, सदऱ्यात आधी कुठला हात घालायचा (लुळा आधी, काढताना शेवटी), तिथून आमचं काम सुरू होतं.

मार्क कमी पडलेल्यांसाठी कुणी हा कोर्स काढलेला नाही. कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम हॉस्पिटलात याचं शिक्षण सुरू केलं. महाराष्ट्रात प्रवेशही नीटवरूनच होतो.

खेळवण्याबद्दल एवढंच : स्वमग्न मूल झोपाळ्यावर असतं तेव्हा ते किती वेळ स्थिर बसतंय, कशाने बिथरतंय, हे मी टिपत असते. ते वर्गात बसावं, स्वतःची बटणं लावावीत, म्हणून ते सगळं. आणि अंगाने जड पेशंट पलंगावरून खुर्चीत घेऊन बघा, मग सोपं म्हणा.

परदेशात मागणी आहे, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं मेसेजमध्ये नाही. अमेरिकेत या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर शिक्षण आणि परीक्षा लागते, ब्रिटनमध्ये तिथली नोंदणी. नुसत्या पदवीवर विमान मिळत नाही.

कोल्हापुरात सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि जागा थोड्या, हे मला कबूल करावंच लागेल. बरेच जण मुलांच्या सेंटरवर काम करत आपली प्रॅक्टिस हळूहळू उभी करतात.

भाचीला सांगितलं, यादीत हे लिहिण्याआधी एखाद्या सेंटरवर परवानगी काढून दोन दिवस बस. एकच माणूस तोच सदरा पुन्हा पुन्हा घालायला शिकतोय, हे बघून जीव कंटाळला तर यादीतून काढून टाक. नाही कंटाळला तर कॉलेजला दोन गोष्टी विचार : तिथली पदवी राज्य परिषदेच्या नोंदणीला चालते का, आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात होते.