हा 'डू' मध्येच कुठून आला?

'तू आलास.' 'तू आलास का?' झालं! मराठीत शेवटी एक 'का' लावला की प्रश्न तयार. इंग्रजीला एवढ्याशा कामासाठी अख्खं वाक्य उलटंपालटं करावं लागतं. 'इज', 'कॅन', 'विल' असेल तर ते उचलून कर्त्याच्या आधी ठेवा. नसेल तर? तर म्हणे 'डू' आणा! मूळ वाक्यात तो नव्हताच, त्याला तिथे काही अर्थही नाही, तरी आणायचाच. आणि आला की 'ही लाइक्स'मधला 'एस' पळवतो: 'डज ही लाइक?' भूतकाळही तोच गिळतो. म्हणून 'डिड यू वेन्ट?' विचारलं की समोरचा फिसकन हसतो. का हसायचं? जाणं तर कालच झालं ना?

बरं, हे घोकून घोकून पाठ केलं आणि 'हू डिड ब्रेक द ग्लास?' विचारलं, तर तेही चूक! तिथे 'हू'च कर्ता, म्हणून नुसतं 'हू ब्रोक'. 'व्हेअर इज ही?' जमलं, तर 'आय नो'च्या मागे तेच पुन्हा सरळ करा: 'व्हेअर ही इज'.

आणि ती वाक्याची शेपटी! आपला एक 'ना' सगळीकडे चालतो. तिथे 'इजन्ट इट', 'डोन्ट यू', 'हॅवन्ट दे', दर वेळी नवी. 'आय अ‍ॅम'ला तर चक्क 'आरन्ट आय'! 'अ‍ॅम'चा 'आर' झालाच कसा?

1600 च्या सुमारास इंग्रज 'व्हॉट से यू?' असं थेट विचारत होते. काय अडत होतं तेव्हा?