माया पाव इंच

स्वतःच्या डिझाइनची गोधडी करायची म्हटलं की आपण आधी रंगीत पेन्सिली आणतो आणि चौकटीच्या वहीवर बसतो. वहीतली गोधडी नेहमीच देखणी दिसते, कारण कागदाला शिवण नसते.

कापडाला असते, आणि शिवणीला माया लागते. शिंप्यांची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, चारी बाजूंनी पाव-पाव इंच. तयार चौकोन 5 इंची हवा असेल तर कापायचा 5½ इंची. आडवे 12 आणि उभे 15, म्हणजे 180 तुकडे जोडले की 60 बाय 75 इंचांची, एकट्यापुरती गोधडी होते. माया विसरून सगळे 5 इंचीच कापले, तर हातात येते 54 बाय 67½. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्यांना सुचली, त्यांच्या घरात कुणीतरी नक्की गोधडी डिझाइन करत असणार.

चौकोनांवर भागवावं, तर आपल्याला त्रिकोणांचा सोस. त्रिकोणाची तिरकी कड उरेप, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी, असते. शिवताना जराशी ओढली गेली की वाढते, आणि टोकाला टोक भेटतच नाही. त्यापेक्षा दोन रंगांचे 6 इंची चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा, कर्णाची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारा, मग रेघेवर कापा. दोन दुरंगी चौकोन मिळतात. ते 5½ वर छाटायचे. उरेप कड मोकळी सुटतच नाही.

आता रंग. नक्षी उठते ती गडद-फिक्यामुळे. तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. भांडून पसंत केलेला लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडीत विरघळलेले दिसतील. लाल नवा असेल तर ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. शिवाय नवं सुती कापड आटतं, आईची जुनी साडी केव्हाच आटून बसलेली असते. म्हणून नवं आधी धुवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडीला चुण्या पडतात.

शेवटी थर: खाली अस्तर, मध्ये जुन्या साड्या, वर आपली कलाकृती. मधून कडेकडे कच्चा दोरा घालून मगच धावदोरा. आणि टाके दोन्ही बाजूंनी सारखे घाला. कारण घरात कुणी जाणती बाई आली, तर ती नक्षीकडे ढुंकूनही बघत नाही. गोधडी हातात घेते आणि आधी उलटी करते.