रणगाडे घेऊन आलेले पोलीस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं असं : संग्रहालयातल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दालनावर लिहिताना मी १९४८च्या कारवाईला 'युद्ध' म्हटलं, ती तर पोलीस ॲक्शन होती. शिवाय संग्रहालयात माणूस प्रेरणा घ्यायला जातो, तिथे रडगाणी कशाला?

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारताची फौज निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. सेनापती मेजर जनरल चौधरी. रणगाडे घेऊन येणारे पोलीस मी तरी पाहिले नाहीत. हैदराबाद संस्थानचा निजाम संयुक्त राष्ट्रांकडे गेला होता, तेव्हा हा आमचा घरचा प्रश्न आहे हे जगाला दाखवायला ते नाव सोयीचं होतं. त्या वेळी ते शहाणपणाचंही असेल. पण आज तेच नाव पाटीवर वाचून शाळेच्या सहलीतलं पोरगं काय समजणार? पोलीस आले, रझाकार (निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक) पकडले, १७ तारखेला झेंडा लागला. संपलं.

संपलं नव्हतं. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाअखेरीस फिरून अंदाज दिला : कारवाईत आणि तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसं गेली, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला. हे लिहिलं की मी रझाकारांचा वकील ठरतो, तुम्ही तसं म्हटलंच आहे. मग 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान कुणाचे? रझाकारांविरुद्ध लिहितात म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्या दालनात त्यांचा फोटो मला दिसला नाही.

'हिरोशिमा मध्येच कशाला आणलं?' असंही तुम्ही विचारलंय. डब्यामुळे. तिथल्या संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. आमच्या घरीही एक पितळी डबा आहे. रझाकारीत आजीने तो उकिरड्यात पुरला आणि मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, सोडून बार्शीकडे पळाली. परत आल्यावर उकरताना कुदळ लागली, झाकणाला पोचा पडला. ते आजही नीट बसत नाही. आजी म्हणायची, "भांडं घावलं, पर शेजारचं घर न्हाई घावलं." शेजारी तांबोळी राहायचे. ते कुठे गेले, हे ती कधी बोलली नाही.

दालनातल्या तलवारीखाली तिची लांबी लिहिलीय. हा डबा तिथे ठेवला तर त्याच्याखाली काय लिहितील? सगळी गोम त्या पाटीत आहे. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. १९९५मध्ये अमेरिकेत स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान आणि खाली होरपळलेली माणसं एकत्र दाखवायची होती. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. मूळ प्रदर्शन रद्द झालं, विमानाचा पुढचा भाग तेवढा मांडला गेला. प्रेरणा शाबूत राहिली म्हणायची.

एक चूक मात्र माझी. हुतात्म्यांचे फोटो 'खुंटीला टांगल्यासारखे' आहेत असं मी लिहिलं होतं. त्यांत तुमचे आजोबाही आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाही ते लिहायला नको होतं. वाक्य काढलंय.

आजोबांची एखादी वस्तू घरात असेल तर कळवा. फोटोपेक्षा मला ती बघायला आवडेल.